कुत्रीच्या लसी मध्येच तुटल्यात, पुन्हा कुठून सुरू करायच्या?

पाणंद:
गावठी कुत्री, वय ४ वर्षे, वजन १४ किलो. चिपळूणजवळ घर, अंगणात मोकळी असते. कार्डावर सेव्हन-इन-वनचे (अनेक रोगांवरची एकत्र लस) दोनच डोस आहेत, ४५व्या आणि ६६व्या दिवशी. त्यानंतर फक्त रेबीज, तेही न चुकता दर वर्षी. एक डॉक्टर म्हणतात सगळंच दर वर्षी टोचा, दुसरे म्हणतात तीन वर्षांनी. खरं काय? पिल्लासारखा पूर्ण कोर्स पुन्हा करायचा का? पुढच्या महिन्यात ५० दिवसांचं पिल्लूही येतंय.

सड्यावरचा:
दोघांचंही बरोबर आहे, कारण त्या एका इंजेक्शनात दोन जातीच्या लसी असतात. डिस्टेंपर, पार्व्हो आणि हेपटायटिस यांचे विषाणू जिवंत पण दुबळे केलेले असतात. ती लस एकदा नीट लागू पडली की तीन वर्षं, बहुतेकदा त्याहून जास्त टिकते. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणारा रोग) जंतू मारलेले असतात, त्यांचा जोर साधारण वर्षभर. म्हणून लेप्टो दर वर्षी, बाकीच्या तीन वर्षांनी. कोकणातला पाऊस, तुंबलेलं पाणी आणि उंदीर बघता लेप्टो चुकवूच नका.

खरी अडचण तुमच्या ६६व्या दिवसात आहे. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत ती लसीलाच मारून टाकते. ती कधी उतरेल हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळं. म्हणून शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा असतो. तुमच्या कुत्रीला तो मिळालाच नाही, तेव्हा पार्व्होपासून ती सुरक्षित आहे असं धरू नका.

पण पिल्लाइतका लांब कोर्स नको. मोठ्या कुत्र्याला जिवंत लसीचा एक डोसही सहसा पुरतो. लेप्टोला मात्र ३-४ आठवड्यांच्या अंतराने दोन लागतातच. आता सेव्हन-इन-वन, महिन्याने लेप्टोचा दुसरा. लेप्टो सुटी मिळाली नाही तर सेव्हन-इन-वनच पुन्हा द्या, अपाय नाही. दर वर्षीचा लेप्टो मे महिन्यात बसवा. आत्ता पाऊस चालू असेल तर थांबू नका.

पाणंद:
पिल्लाला अर्धा डोस चालेल का? आणि मेडिकलमधून लस आणून गावातच टोचून घेतली तर?

ओहोळ:
अर्धा अजिबात नको. औषध वजनावर मोजतात, लस नाही. प्रतिकारशक्ती जागी व्हायला ठरावीक मात्रा लागते, म्हणून दोन किलोच्या पिल्लालाही आख्खी बाटली, म्हणजे १ मिली.

लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. बर्फाला थेट चिकटून गोठली तर रेबीज आणि लेप्टो वाया जातात, आणि बाटलीकडे बघून ते कळत नाही. पावडर द्रवात मिसळली की लगेच टोचायची. त्यापेक्षा दवाखान्यात जाणं बरं. कार्डावर बाटलीचं स्टिकर लावून घ्या आणि अर्धा तास तिथेच थांबा. तोंड सुजलं, उलट्या झाल्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर तिथल्या तिथे इलाज होतो. एक दिवसाची मरगळ किंवा टोचल्या जागी छोटी गाठ चालते. गाठ महिन्याभरात गेली नाही तर दाखवा.

पिल्लाचं असं: ८, १२ आणि १६ आठवड्यांना सेव्हन-इन-वन. रेबीज १२ आठवड्यांना आणि पुन्हा १६ला. सहा महिन्यांचं झालं की डिस्टेंपर-पार्व्होचा आणखी एक, आधीचा लागू पडला नसेल तर तो भरून निघतो. त्यानंतर तीन वर्षांनी. रेबीज आणि लेप्टो वर्षाने. ताप किंवा जुलाब असतील तर डोस पुढे ढकला. जंताचं औषध आधीच सुरू करा.

सड्यावरचा:
म्हातारपणी लस बंद करायची नसते, तेवढं लक्षात असू द्या. १२ वर्षांच्या कुत्र्यालाही रेबीज द्यायचीच. टोचणं कमी करायचं असेल तर रक्ताची टायटर तपासणी (प्रतिकारशक्ती अजून किती आहे ते बघणारी) करता येते, पण ती डिस्टेंपर, पार्व्हो, हेपटायटिसपुरतीच. लेप्टोचं त्यातून कळत नाही.

आणि कुत्रीचा डोस पिल्लू घरी येण्याच्या निदान दोन आठवडे आधी होऊ दे. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईतो पिल्लाला रस्त्यावरच्या मातीत सोडू नका. पार्व्होचा विषाणू जमिनीत कित्येक महिने जिवंत राहतो.