मदत हवी आहे: मुरबाडजवळ ३२ प्लॉटची वसाहत, खालच्या विहिरीत नायट्रेट किती वाढेल?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहते, माहेर मुरबाड तालुक्यात. आमच्या पाड्याच्या वरच्या अंगाला चार एकर वरकस जमीन एनए होऊन तिथे ३२ प्लॉट पडताहेत, प्रत्येकी साधारण चार गुंठ्यांचे. प्रत्येक घराला वेगळा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. उतारावर खाली पाड्याची विहीर. उन्हाळ्यात सगळे तिचंच पाणी पितात.

शोषखड्डे विहिरीपासून ५० फुटांहून लांब आहेत, मग काळजी कशाची, असं जो तो सांगतो. अंतरामुळे जंतू मुरमात अडकतात हे मला पटतं. पण नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळतं, माती त्याला धरून ठेवत नाही. सेप्टिक टँकमधून नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो, शोषखड्ड्याभोवती हवा मिळाली की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते पाण्याबरोबर खाली उतरतं. आमच्याकडे मुरूम जेमतेम पाच-सहा फूट, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. यूव्ही फिल्टरचाही उपयोग नाही. भावाकडे दिवाळीच्या सुमारास बाळ येणार आहे. जास्त नायट्रेटच्या पाण्यात दुधाची पावडर कालवून दिली तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटते, म्हणून माझा जीव यात अडकला आहे.

विहिरीच्या पाण्याचा अहवाल हातात आहे: ६.८ मिलिग्रॅम प्रति लिटर. 'मर्यादा ४५ ची, मग हे काहीच नाही,' असं ऐकायला मिळालं. पण हे ६.८ नायट्रोजनच्या हिशेबात दिलंय आणि भारतीय मानकातले ४५ (आयएस १०५००) नायट्रेटच्या. ४.४३ ने गुणलं की ३० होतात. म्हणजे वसाहतीची एक वीटही लागायच्या आत मर्यादेचा दोन तृतीयांश भाग भरलेला आहे. वरच्या बाजूला गोठे आहेत, भाताला युरिया पडतो, बहुधा त्यातून आलं असावं.

मी मांडलेला हिशेब असा. ३२ घरं, घरटी चार माणसं, माणशी रोज १० ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे वर्षाला सुमारे ४६७ किलो. पाऊस २५०० मिमी आणि त्यातला ८ टक्के मुरतो असं धरलं, तर चार एकरांत सुमारे ३२४० घनमीटर पाणी. त्यात सांडपाणी माणशी रोज १०० लिटर, म्हणजे ४६७० घनमीटर. भागाकार केला की नायट्रोजन ५९ आणि नायट्रेट सुमारे २६०. अर्धा नायट्रोजन वाटेत हवेत गेला तरी १३०. लोक वर्षातले १०० दिवसच राहायला येतील असं धरूनही ६० च्या वर जातं.

जमीन विकसित करणारे गृहस्थ ऐकून घेताहेत, फक्त 'आकडे लेखी द्या' म्हणतात. म्हणून जाणकारांना विचारते: ही पद्धत बरोबर आहे का? सांडपाण्याचं पाणी विरळ करणारं पाणी म्हणून धरायचं का? आणि नमुने कुठून, कधी घ्यायचे?

प्रतिसाद – पाणाडी_कल्याण

ताई, पद्धत बरोबर आहे, पण सांडपाण्याबद्दलची शंका महत्त्वाची. वसाहत त्याच थरातून पाणी उपसून वापरणार असेल तर शोषखड्ड्यात परत येणारं पाणी नवं नव्हे, येताना ते आपलं नायट्रेट सोबत आणतं. खरं विरळ करतो तो पाऊसच. म्हणून ३२४० घनमीटरच धरा, आकडा जवळपास अडीचपट होईल. पाणी बाहेरच्या नळयोजनेतून येणार असेल तर मात्र तुमची मांडणी चालेल.

अर्धा नायट्रोजन उडून जाईल हे मी उदारपणे धरलेलं मानतो. त्यासाठी जमिनीत हवा नसलेली जागा आणि जिवाणूंना सेंद्रिय खाद्य लागतं, उथळ मुरमात दोन्ही कमी. तरीही तेवढी सूट देऊन उलटा हिशेब केला, तर फक्त पावसाच्या पाण्यावर ४५ च्या आत राहायला चार एकरांत चार-पाचच घरं बसतात. हा आकडा त्यांना आधी दाखवा.

विहिरीकडे वरच्या रानातूनही पाणी येतं, त्याने प्रमाण उतरेल, तेही मोजायला हवं. जमिनीचा उतार आणि जमिनीखालच्या पाण्याचा उतार बसाल्टमध्ये, म्हणजे तुमच्या काळ्या पाषाणात, नेहमी जुळत नाहीत. तीन ठिकाणची पाणीपातळी एकाच दिवशी घेऊन दिशा काढा. नमुने मे अखेरीस, जुलैत चांगला पाऊस झाल्यावर आणि ऑक्टोबरात. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. नायट्रेटसोबत क्लोराईड नक्की मागा: दोन्ही बरोबर वाढले तर मैलापाण्याचा संशय, क्लोराईड तेवढंच राहून नायट्रेट वाढलं तर खताचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जवळच्या निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी मागा.

उपायांचं म्हणाल तर, माणसाकडून येणारा बराचसा नायट्रोजन लघवीत असतो. अंघोळ-भांड्यांचं पाणी वेगळं काढून बागेला दिलं आणि फक्त संडासाचं पाणी सामाईक प्रक्रिया केंद्रात नेलं, तर केंद्र लहान लागेल. पण त्यात हवा बंद ठेवून नायट्रेट काढणारा टप्पा हवाच. नुसती हवा मारणारं केंद्र वास घालवतं, नायट्रेट तसंच राहतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. पाणी वसाहतीच्याच बोअरमधून घेणार आहेत, म्हणजे तुमचाच हिशेब लागू. पातळीसाठी पाड्याची विहीर आहे, वर शेतातली एक आहे, तिसरी नाही. बोअर चालेल का?

पाणाडी_कल्याण

नको. बोअरमध्ये खोल थराची पातळीही मिसळते. शेजारच्या ओढ्यात डिसेंबरात पाणी असतं का? असेल तर त्या पाण्याची पातळी तिसरा बिंदू म्हणून धरा आणि तिन्हींची उंची सर्व्हेअरकडून लेव्हल लावून घ्या. मोबाईलवर दिसणाऱ्या उंचीवर विसंबू नका.