ताशी ८० आणि डिझेल इंजिन
"मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) ८० च्या वर नेऊ नका, इंजिन जास्त टिकेल," असा एक सल्ला दिला जातो. डिझेल वाचेल हे खरं, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पण कृपा करून सहाव्या गिअरमध्ये १३०० आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) चढ चढवू नका! गाडी घरघरते, गिअरचा दांडा हाताखाली थरथरतो, माझा तर जीव खालीवर होतो. सरळ पाचवा टाका, २००० च्या आसपास ठेवा.

शिवाय डीपीएफमधली (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काजळी जळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. नुसतं गावातल्या गावात फिरवून ते गाठलं जात नाही. अधूनमधून हायवेवर अर्धा तास सलग पळवा. आणि घाट चढून थांबलात की टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) निवायला मिनिटभर द्या, मगच इंजिन बंद करा.