पानात पीडीएफ दाखवायची आहे, पण काही वाचकांकडे ती थेट डाउनलोड होते

चौकट_चौदा:
ग्रंथालयाच्या त्रैमासिकाचा अंक (४० पानं, १८ एमबी) आयफ्रेममध्ये (पानातच दुसरी फाइल दाखवणारी चौकट) टाकलाय. क्रोममध्ये नीट दिसतो. फायरफॉक्सवर काही जणांकडे पान उघडताच फाइल उतरते, आयफोनवर फक्त पहिलं पान दिसतं. सगळ्यांना पानातच दिसेल असं कसं करायचं?

सर्व्हरकाका:
सगळ्यांना पानातच दाखवायचा हट्ट सोडा. ज्यांची फाइल उतरते त्यांनी फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये पीडीएफपुढे ‘फाइल सेव्ह करा’ निवडलेलं असणार. ब्राउझर त्यांचंच ऐकतोय, आणि ते बरोबरच आहे. क्रोममध्येही अशी सेटिंग आहे. ती चालू असेल तर आयफ्रेमच्या जागी नुसतं ‘उघडा’चं बटण येतं.

चूक आहे ती वाचकाने न मागता १८ एमबी पाठवण्यात. पानात आधी साधी लिंक ठेवा: ‘अंक वाचा – पीडीएफ, १८ एमबी’. शेजारी ‘इथेच उघडा’ बटण द्या आणि ते दाबल्यावरच स्क्रिप्टने आयफ्रेम घाला. बटण दाखवण्याआधी स्क्रिप्टमध्ये नॅव्हिगेटरची पीडीएफव्ह्यूअरएनेबल्ड (navigator.pdfViewerEnabled) ही प्रॉपर्टी तपासा; ब्राउझर पीडीएफ आतच दाखवेल का ते ती सांगते. फॉल्स आली तर बटण लपवा, लिंक राहू द्या. मोबाइलवर बटण देऊच नका. लिंकवरून आयफोनमध्ये अख्खा अंक उघडतो.

टॅग_बंद_करा:
हेडरही, म्हणजे सर्व्हर फाइलसोबत ब्राउझरला पाठवतो त्या सूचना, बघून घ्या. कंटेंट-टाइप अॅप्लिकेशन/पीडीएफ हवा आणि कंटेंट-डिस्पोझिशन इनलाइन. तिथे अटॅचमेंट असेल तर ज्याला ब्राउझरमध्येच वाचायचंय त्याच्याही गळ्यात डाउनलोड पडतं. आयफ्रेमला सँडबॉक्स (आतल्या मजकुरावर बंधनं घालणारा गुणधर्म) लावू नका, क्रोमचा व्ह्यूअर त्यात चालत नाही. चौकट रिकामीच राहिली तर एक्स-फ्रेम-ऑप्शन्स या हेडरमध्ये डिनाय (चौकटीत दाखवायला पूर्ण मनाई) आहे का पाहा. फाइल आणि पान एकाच डोमेनवर असतील तर सेमओरिजिन (फक्त त्याच साइटच्या चौकटीत परवानगी) पुरतं.

चौकट_चौदा:
मग पीडीएफ.जेएस (जावास्क्रिप्टने पानातच पीडीएफ दाखवणारा व्ह्यूअर) आपल्याच साइटवर बसवलं तर?

सर्व्हरकाका:
दिसेल सगळीकडे, पण वाचकाने केलेली निवड डावलून. बसवायचंच असेल तर तेही बटणामागेच ठेवा.

त्यापेक्षा लेख एचटीएमएलमध्ये द्या. अक्षर मोठं करणं, डार्क मोड हे वाचकाच्या सेटिंगप्रमाणे तिथेच नीट होतं. पीडीएफचं पान पांढरं ते पांढरंच राहतं. अंक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवला असेल तर हे करायलाच हवं. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर स्क्रीन रीडरही (दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तीच वाचणार आणि शोधून काहीही सापडणार नाही.