राउटरमागच्या दोन संगणकांवर बाहेरून लॉगिन कसे करावे?

रात्रपाळी (प्रश्न):
माझ्या घरी एका राउटरमागे लिनक्सवर चालणारे दोन संगणक आहेत. एकाचा पत्ता १९२.१६८.१.२० असून त्यावर माझी गणिते रात्रभर चालतात; दुसऱ्याचा १९२.१६८.१.२१ असून त्यावर सगळ्या बॅकअपच्या फायली आहेत. बाहेर असताना दोन्हींवर एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीने) लॉगिन करता यावे, एवढीच माझी गरज आहे. राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये मी बाहेरचा पोर्ट २२ (एसएसएचचा नेहमीचा क्रमांक) पहिल्या संगणकाकडे वळवला, परंतु दुसऱ्यासाठी तोच पोर्ट देऊ लागलो तेव्हा राउटरने ती नोंद घेतली नाही. शिवाय पहिली नोंदही उपयोगी पडलेली नाही. घरातल्या लॅपटॉपवरून सार्वजनिक पत्ता देऊन जोडणी करू पाहिली की बराच वेळ काहीच घडत नाही आणि शेवटी टाइमआउट येतो. खाजगी पत्ता दिला की मात्र क्षणात लॉगिन होते. चूक नेमकी कुठे आहे?

तारायंत्र:
राउटरने दुसरी नोंद नाकारली ते योग्यच आहे. बाहेरून आलेल्या पॅकेटवर (माहितीच्या तुकड्यावर) कुठे जायचे म्हणून फक्त सार्वजनिक पत्ता आणि पोर्ट एवढेच लिहिलेले असते, आणि तेवढ्यावरून ते आत कोणाकडे द्यायचे हे राउटरला ठरवावे लागते. म्हणून बाहेरचे पोर्ट वेगळे ठेवा: २२२२ पहिल्याच्या २२ कडे आणि २२२३ दुसऱ्याच्या २२ कडे. दोन्ही संगणकांचे खाजगी पत्ते डीएचसीपीमध्ये (राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या सोयीत) राखून ठेवायला विसरू नका; पत्ता बदलला की नोंद भलत्याच यंत्राकडे बोट दाखवू लागते.

तुमची चाचणी मात्र फसवी आहे. लॅपटॉपने सार्वजनिक पत्त्याकडे पाठवलेले पॅकेट राउटर आत वळवतो, पण अनेक राउटर त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता तसाच ठेवतात. संगणकाला तो पत्ता आपल्याच नेटवर्कमधला दिसतो, त्यामुळे तो राउटरला वगळून लॅपटॉपला थेट उत्तर देतो. लॅपटॉप उत्तराची वाट पाहत असतो सार्वजनिक पत्त्याकडून, म्हणून अनोळखी पत्त्यावरून आलेले ते उत्तर तो टाकून देतो. राउटरने पॅकेटवरचे पत्ते बदलण्याला नॅट म्हणतात; ही अडचण सोडवणाऱ्या सोयीला हेअरपिन नॅट म्हणतात आणि ती प्रत्येक राउटरमध्ये नसते. तेव्हा फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा, आणि राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता कोणता दिसतो तेही कळवा.

रात्रपाळी:
वेगळे पोर्ट दिले आणि मोबाइल डेटावरूनही पाहिले. परिणाम तोच आहे. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो, पण आपला पत्ता दाखवणाऱ्या संकेतस्थळावर मला निराळाच पत्ता दिसतो.

गाठनिरगाठ:
मग खरे कारण सापडले. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियमपत्राने इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले. तुमच्या राउटरच्या पुढे सेवादात्याकडे आणखी एक नॅट आहे आणि तिथला सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. बाहेरचे पॅकेट त्या नॅटपाशीच थांबते, कारण त्याच्या तक्त्यात तुमच्या नावाची नोंद नसते आणि ती करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. तुमच्या राउटरवर कितीही नोंदी केल्या तरी यात फरक पडणार नाही.

सेवादाता स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत असेल तर तो घ्या, तोच सर्वांत सरळ उपाय आहे. नसेल, तर जोडणीची दिशा उलटी करा, कारण आतून बाहेर जाणाऱ्या जोडणीला नॅट अडवत नाही. सार्वजनिक पत्ता असलेला एक लहान सर्व्हर भाड्याने घेऊन दोन्ही संगणकांनी त्याच्याकडे एसएसएचचा उलटा टनेल (आतून उघडलेला, पण बाहेरून आत येऊ देणारा मार्ग) उघडून ठेवावा. असा टनेल सर्व्हरवर जो पोर्ट उघडतो तो मूळ रचनेत फक्त सर्व्हरच्या आतूनच वापरता येतो. अनेकांना हा दोष वाटतो. मला ती सुरक्षेची सोय वाटते, कारण आधी सर्व्हरवर लॉगिन करून मगच पुढे जाता येते.

दोन यंत्रे असल्याने मी स्वतः मात्र त्याच सर्व्हरवर वायरगार्ड (दूरची यंत्रे एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारी व्हीपीएन प्रणाली) निवडेन. प्रत्येक संगणकाला कायमचा पत्ता मिळतो आणि पोर्टचे गणित उरत नाही. वायरगार्ड यूडीपीवर (कायमची जोडणी न ठेवता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीवर) चालतो आणि काही वेळ पॅकेट गेले नाही की नॅट आपल्या तक्त्यातली नोंद पुसून टाकतो, म्हणून दोन्ही संगणकांवर दर २५ सेकंदांनी एक पॅकेट पाठवण्याची सूचना देऊन ठेवा.

तारायंत्र:
मार्ग कोणताही घ्या, पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त एसएसएचच्या किल्ल्यांनीच (संगणकावर जपलेल्या गुप्त फायलींनी) प्रवेश ठेवा. पोर्ट २२ ऐवजी २२२२ केल्याने लॉगमधील अनाहूत प्रयत्न कमी दिसतात, सुरक्षितता वाढत नाही. तुमच्याकडे आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर तेही तपासा: तिथे सहसा पत्ता बदलला जात नाही, त्यामुळे राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या संगणकाला स्पष्ट परवानगी दिली की थेट पोहोचता येते. अर्थात तुम्ही जिथून जोडणी करता तिथेही आयपीव्ही६ असायला हवे.

रात्रपाळी:
वायरगार्ड बसवला आणि मोबाइल डेटावरून दोन्ही संगणकांवर लॉगिन झाले. तासाभराने बॅकअपचा संगणक दिसेनासा झाला, तेव्हा लक्षात आले की २५ सेकंदांची ओळ मी पहिल्यावरच लिहिली होती. तीच ओळ दुसऱ्यावर घातल्यापासून रात्रभर दोन्ही जोडण्या टिकून आहेत. आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे.