सायलेंट शटरवर नाटकाच्या फोटोंत आडव्या पट्ट्या, निळ्या प्रकाशात चेहरा सपाट: उपाय?

खोपट_नाका
ठाणे-वाशी पट्ट्यात नाटकांच्या प्रयोगांचे फोटो काढतो. प्रयोगात खटखट नको म्हणून सायलेंट (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक) शटरच वापरावं लागतं. त्यात दोन अडचणी येतात.

१) मागच्या एलईडी पारचा (रंगमंचावरच्या रंगीत दिव्यांचा) प्रकाश पडदा आणि नेपथ्यावर जिथे पडतो तिथे बारीक आडव्या पट्ट्या उमटतात. कधी काळपट, कधी गुलाबी-हिरव्या. समोरच्या हॅलोजन स्पॉटमधले चेहरे मात्र स्वच्छ येतात.
२) गडद निळा प्रकाश आला की चेहऱ्याचा निळा गोळा होतो. नाक-गाल वेगळे दिसत नाहीत.

कॅमेरा २४ मेगापिक्सेल फुल फ्रेम मिररलेस, सेन्सर साधा (जलद वाचला जाणारा स्टॅक्ड नाही). ७०-२०० एफ/२.८, १/३२०, आयएसओ ३२००, रॉ. नाट्यगृह बदललं तरी त्रास तोच, कारण दिवे बहुतेक वेळा निर्मात्याचा लाइटवालाच घेऊन येतो.

वागळे_इस्टेट
आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. पट्ट्या गायब.

ऐरोली_डिमर
वागळेदादा, हा तोडगा मेन्सच्या (घरगुती विजेच्या) तालावर लुकलुकणाऱ्या दिव्यांना लागू. रंगमंचावरचे एलईडी पार मंद होतात ते पीडब्ल्यूएमने, म्हणजे एलईडी पूर्ण तेजाने चालू-बंद होत राहतो. फेडर (तेज कमी-जास्त करायची पट्टी) ३०% वर असेल तर प्रत्येक आवर्तनात ३०% वेळ उजेड, बाकी काळोख. वारंवारता दिव्यागणिक वेगळी, काहीशे हर्ट्झपासून कित्येक हजारांपर्यंत. लाल, हिरवा, निळा यांचं चालू-बंद एकाच क्षणी होत नसेल तर पट्ट्या रंगीत दिसतात. हॅलोजनची तार तेवढ्यात थंडच होत नाही, म्हणून चेहरे वाचले.

आता कॅमेऱ्याकडून बघू. सायलेंट शटरमध्ये सेन्सर एका दमात वाचला जात नाही, ओळीमागून ओळ वाचली जाते. साध्या सेन्सरला अख्खी फ्रेम वाचायला साधारण १/१५ ते १/३० सेकंद लागतो. तुमचं १/३२० हे प्रत्येक ओळीपुरतं खरं, पूर्ण फ्रेमपुरतं नाही. पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यामध्ये दिवा कितीतरी वेळा विझून पेटलेला असतो.

तुमच्या कॅमेऱ्याचा वाचन-वेळ घरीच काढता येतो. एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्यात चोक-स्टार्टरवाला ट्यूबलाइट शोधा (इलेक्ट्रॉनिक चोकवाला नको, तो हजारो हर्ट्झवर चालतो). त्याच्या उजेडातली पांढरी भिंत, सायलेंट शटर, १/२०००, कॅमेरा आडवा, फोकस मुद्दाम बिघडवलेला. आयएसओ लागेल तेवढा चढवा, नॉइजचं काही नाही. वरपासून खालपर्यंत उजळ-काळपट जोड्या मोजा. एक जोडी म्हणजे १० मिलिसेकंद. शिवाय नाटकातल्या फोटोत एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत किती पिक्सेल भरतात तेही सांगा.

खोपट_नाका
ट्यूबलाइटच्या फोटोत साडेचार जोड्या. नाटकाच्या फोटोत (६००० × ४०००) एका पट्टीपासून पुढची ११० पिक्सेलवर.

ऐरोली_डिमर
मग हिशेब सोपा आहे. वाचन-वेळ ४५ मिलिसेकंद. ४००० ओळी भागिले ११०, म्हणजे फ्रेममध्ये सुमारे ३६ पट्ट्या. ४५ मिलिसेकंदांत ३६, म्हणजे दिवा ८०० हर्ट्झच्या आसपास.

एका एक्स्पोजरमध्ये पूर्ण आवर्तनं बसली की प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो. ८०० हर्ट्झला १/४०० मध्ये २ आवर्तनं, १/२०० मध्ये ४, १/१६० मध्ये ५, १/१०० मध्ये ८. तुमच्या १/३२० मध्ये बसतात अडीच, म्हणजे निवडायचा तर याहून वाईट आकडा सापडला नसता. दिवा बराच मंद असेल तर काही ओळींना तीन झोत मिळतात, शेजारच्या ओळींना दोनच. हा फरक अर्ध्या स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त होतो आणि सपाट पडद्यावर लगेच दिसतो.

१/१६० वर या. आयएसओही १६०० होईल. संवादाच्या प्रसंगांना तेवढं पुरतं, नट वाक्य संपवून थांबतो तो क्षण पकडा. नाच किंवा झटापट असेल तर १/४००. पण तिथे दोनच आवर्तनं असल्यामुळे जरा चूक झाली तरी पट्टी उमटते, आणि डायलवरचा आकडा व शटरचा खरा वेग तंतोतंत जुळतोच असं नाही. काही कॅमेऱ्यांत शटर १/२५०.६ अशा बारीक टप्प्यांनी सरकवता येतं. तुमच्या मेन्यूत ती सोय असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये पट्ट्या विरेपर्यंत फिरवत राहा, मग एक फोटो काढून १००% वर तपासा. नुसत्या व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका, त्याचा वाचन-वेळ फोटोपेक्षा वेगळा असू शकतो.

दोन जातींचे दिवे मिसळले असतील तर दोघांना जमेल असा आकडा बहुधा मिळत नाही. मग शटर हळू करणं हाच मार्ग. १/१०० ला साडेआठ आवर्तनं आली तरी नऊ विरुद्ध आठ झोत, म्हणजे फरक स्टॉपच्या सहाव्या भागाएवढा. वागळेदादांचा १/१०० अशा वेळी कामाला येतो, कारण मात्र वेगळं.

नेरूळ_रॉ
निळ्या गोळ्याबद्दल. निळ्या एलईडीचा प्रकाश साधारण ४५० ते ४७० नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यात असतो. सेन्सरवरच्या रंगगाळण्यांच्या बेयर जाळीत चार पिक्सेलांपैकी एकच निळा, म्हणजे तपशील टिपायला पाव पिक्सेल उरले. त्यात एसआरजीबीच्या (पडद्यावरच्या नेहमीच्या रंगपद्धतीच्या) हिशेबात उजळपणात निळ्याचा वाटा जेमतेम ७%, हिरव्याचा जवळपास ७२%. एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) त्यामुळे डावीकडे पडलेला दिसतो, आपण एक्स्पोजर वाढवतो, आणि निळा चॅनेल फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन सपाट होतो. फुटलेल्या चॅनेलमध्ये तपशीलच नसतो, तो रॉमधूनही परत येत नाही.

पांढरा हिस्टोग्राम बंद करून तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावा. निळ्या प्रवेशाला मॅन्युअलमध्ये एक ते दीड स्टॉप खाली या. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, ३२०० ते ४००० केल्विनमध्ये एक आकडा पक्का करा. प्रोसेस करताना आधी निळ्याचं सॅच्युरेशन कमी करा, एक्स्पोजर त्यानंतर वाढवा. उलट क्रमाने केलं तर पडद्यावर चॅनेल पुन्हा फुटल्यासारखा दिसतो आणि रॉ फाइल वाया गेली असं वाटतं. स्मरणिकेसाठी छापायचं असेल तर हा निळा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) बसतच नाही, जांभळट-मळकट येतो. तिथे मी निळ्या चॅनेलवरून केलेला कृष्णधवल फोटोच देईन.

आणखी एक: काही कॅमेरे सायलेंट शटरवर रॉ १४ ऐवजी १२ बिटची लिहितात. गडद प्रवेशात सावल्या उचलताना हे जाणवतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

खोपट_नाका
खूप उपयोग झाला. कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर चालू केला तर? आणि स्टॅक्ड सेन्सर घेतला तर हे कायमचं सुटेल का?

ऐरोली_डिमर
नेहमीचा अँटी-फ्लिकर १०० आणि १२० हर्ट्झ ओळखतो, ८०० ला त्याचा उपयोग नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो सायलेंट शटरसोबत चालतही नाही.

स्टॅक्ड सेन्सरचा वाचन-वेळ ४ मिलिसेकंदांच्या आसपास. तुमच्या दिव्याखाली ३६ ऐवजी तीनेक पट्ट्या येतील, रुंद आणि मऊ कडांच्या. सुटणार नाही, पण सुसह्य होईल. यांत्रिक शटरचा पडदाही साधारण तेवढ्याच वेळात सरकतो, म्हणजे हीच सुधारणा तुमच्याकडे आत्ताही आहे. रंगीत तालमीला बोलावत असतील तर महत्त्वाचे फोटो तिथे यांत्रिक शटरवर काढून घ्या, आवाजाची अडचण नाही. पूर्ण फ्रेम एकाच क्षणी टिपणारा सेन्सर २०२३ साली जाहीर झालेल्या सोनी अल्फा ९ मार्क ३ मध्ये आहे. त्यात पट्ट्या येत नाहीत, पण शटर फार जलद ठेवलं तर एक फोटो उजळ आणि पुढचा काळोखा येऊ शकतो.

कॅमेरा घेण्याआधी लाइट ऑपरेटरशी बोला. काही पारच्या मागच्या मेन्यूत पीडब्ल्यूएमची वारंवारता बदलता येते. काही हजार हर्ट्झवर नेली की त्रास जवळपास संपतो. स्वस्त दिव्यांत ही सोय नसते. तिथे तालमीपुरता फेडर १००% ला नेऊन बघा: पूर्ण तेजावर चालू-बंद बहुधा थांबतं आणि पट्ट्या जातात. निळं तेवढं जपा, तिथे आणखी एक स्टॉप खाली यावं लागेल.

वागळे_इस्टेट
आधीच काढलेल्या फोटोंचं काय?

नेरूळ_रॉ
नुसत्या नेपथ्याचे असतील आणि ट्रायपॉडवर एकाच चौकटीत आठ-दहा काढले असतील तर त्यांची सरासरी घ्या. पट्ट्या प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात, त्या पुसल्या जातात. पट्ट्यांमधलं अंतर सारखं असतं, म्हणून फूरिये फिल्टरनेही एकरंगी पट्ट्या बऱ्याच निघतात, पण कपड्यांची वीणही थोडी पुसट होते. रंगीत पट्ट्या चेहऱ्यावरून गेल्या असतील तर ब्रशने तासभर घासण्यापेक्षा दुसरा फोटो निवडा.