एक्सपीवर पेन ड्राइव्ह दिसत नाही, म्हणून मशीन भंगारात?

छपाईवाला, सांगली
काल इथं एकानं लिहिलं, "विंडोज एक्सपीवर पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर मशीन भंगारात द्या, २०१४ ला त्याचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपलाय." फार लागलं मला ते. माझं पोट त्या मशीनवर आहे.

आधी बिघाड कुठं आहे ते तर बघा! मशीन प्रत्येक ड्राइव्हला सी, डी, एफ असं एक लेटर देतं. दुकानातल्या दुसऱ्या मशीनचं फोल्डर मी एफ नावानं जोडलंय. एक्सपी पेन ड्राइव्हलाही तेच एफ देतं आणि ड्राइव्ह लपतो. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, डिस्क मॅनेजमेंट. तिथं तो दिसतो. लेटर बदला, झालं.

दुसरी गोष्ट, ६४ जीबीचे ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतात, म्हणजे फाइली ठेवायची नवी पद्धत. एक्सपीला ते मुळात वाचता येत नाही, त्याला वेगळं अपडेट टाकावं लागतं. ते नसलं की मशीन विचारतं, फॉरमॅट करू का? म्हणजे आतलं सगळं पुसायचं. एका गिऱ्हाइकानं माझ्यासमोर 'येस' दाबलं. पोरीच्या साखरपुड्याचे फोटो होते त्यात.

राजपथ, सातारा
लेटरचं बरोबर आहे. पण व्हायरसचं काय? २००८ ला कॉनफिकर व्हायरस आला तो पेन ड्राइव्हवरूनही पसरायचा. आमच्या ऑफिसात मार्चएंडला सगळे फोल्डर गायब आणि जागेवर शॉर्टकट. लपवलेल्या फाइली उघड करणारी ॲट्रिब कमांड मारून त्या परत दिसल्या, पण दोन रात्री गेल्या. गावभरचे ड्राइव्ह तुमच्या मशीनला लागतात, दादा. तुम्ही स्वतःचं नाही, गिऱ्हाइकाचं नुकसान करताय.

आणि मराठी युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर तीच अक्षरं दिसणारी पद्धत, विंडोज २००० पासून आहे. तुम्ही छपाईवाले अजून जुने फॉण्ट वापरता ते कशाला?

छपाईवाला, सांगली
कशाला? पानं लावायच्या पेजमेकर ७ ला युनिकोड कळत नाही म्हणून! त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं नीट लागायला सीएस६, म्हणजे २०१२ उजाडलं. तोवरचं सगळं काम जुन्या फॉण्टात आहे. जुन्या फॉण्टाचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलं की 'कार्यालय'चा रफार भलत्याच अक्षरावर. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत वडिलांचं नाव चुकलं तर लोक दारात येऊन बोलतात. आलेत.

मास्तरीण, कराड
माझं पुस्तक याच फॉण्टांपायी अडकलंय. छापखान्यानं फाइल दिली, घरी उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. दोनशे पानं परत टाइप केली मी. तुमच्या सोयीची किंमत लेखकानं का मोजायची? पेन ड्राइव्ह दिसला तरी आतलं वाचता येत नसेल तर उपयोग काय?

छपाईवाला, सांगली
बाई, पीडीएफ मागायची होती.

मास्तरीण, कराड
पीडीएफमधून कॉपी केलं तरी तीच चिन्हं येतात! तुम्हाला माहीत आहे ते.

हरिपूरकर
फॉण्टचं राहू द्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमचं मशीन, हार्ड डिस्क, छापील प्रती, सगळं चिखलात. वाचला तो खिशातला ८ जीबीचा पेन ड्राइव्ह. एक्सपी ठेवा नाहीतर काढा, पण एक प्रत नदीपासून लांब ठेवा. सातारकरांना हे कळायचं नाही.

राजपथ, सातारा
पुराचं दुःख आम्हालाही आहे, तसं बोलू नका.

छपाईवाले, मशीन ठेवा. पण नेट काढा, आणि ड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासून मगच लावा. ऑटोरन, म्हणजे पेन ड्राइव्ह लावताच त्यातलं आपोआप चालू होणं, बंद करणारं फेब्रुवारी २०११ चं अपडेट तरी टाकलंय का?

छपाईवाला, सांगली
नेट कधीच काढलंय. ते अपडेट बघतो. नसेल तर टाकतो, एवढं तुमचं मान्य. बाई, राहिलेल्या फाइली फॅट३२ च्या, म्हणजे एक्सपीला वाचता येणाऱ्या ड्राइव्हवर घेऊन या. रफार मी स्वतः बसून लावून देतो, पैसे नकोत.

मास्तरीण, कराड
सोमवारी येते. प्रूफ मात्र मीच बघणार.