वाचनगटात ज्यू साहित्य: सगळे एकाच माणसाकडे वळून बसतात, काय करू?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहिते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी एका सार्वजनिक ग्रंथालयात स्वयंसेवक आहे. महिन्यातून एकदा आमचा वाचनगट जमतो, बारा-चौदा जण. यंदा पाच बैठका ज्यू साहित्यावर घ्यायच्या ठरल्या, सूत्र 'बाप आणि मुली'. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन आणि नेक्स्टबुक ही ज्यू साहित्याचा प्रसार करणारी संस्था यांनी मिळून तिकडच्या ग्रंथालयांसाठी असे संच केले होते: एक सूत्र, पाच पुस्तकं आणि चर्चा पुढे न्यायला एक अभ्यासक. आम्ही कल्पना तिथूनच उचलली. अभ्यासक काही मिळाला नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

पहिलं पुस्तक शोलेम अलेइखेम यांच्या तेव्ये दूधवाल्याच्या गोष्टी. तेव्ये गरीब, मुलींचा बाप, उठता-बसता धर्मग्रंथातली वचनं फेकणारा, आणि त्यातली निम्मी स्वतःच्या सोयीने वाकवणारा. एकेक मुलगी आपापल्या मनाने लग्न ठरवते आणि प्रत्येक वेळी तो थोडा अधिक वाकतो. हावा मात्र ख्रिस्ती मुलाशी लग्न करते, तिथे तो मोडतो. मुलगी गेली असं समजून शोक पाळतो. पुढे एकदा एकटाच गाडी हाकत रानातून जाताना ती समोर येते, हाक मारते, आणि तो घोड्याला चाबूक मारून निघून जातो. ते पान मी तीनदा वाचलंय, तिन्ही वेळा पुस्तक खाली ठेवावं लागलं.

आमच्या गटात एक सत्तरीचे गृहस्थ आहेत, ज्यू आहेत. हावाची गोष्ट निघाली आणि मी त्यांना विचारलं, "तुमच्यात खरंच असं करतात का?" पहिला प्रश्न माझाच, हे कबूल करते. मग रांगच लागली. शिवा म्हणजे काय, किती दिवस, मिश्र लग्नाला आज परवानगी आहे का, तुमचे नातेवाईक छळछावणीत होते का. त्यांनी दोन-तीन प्रश्नांची शांतपणे उत्तरं दिली, नंतर पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. तेव्ये, हावा, रानातला रस्ता, सगळं राहून गेलं.

शेवटी खुर्च्या उचलताना ते मला एवढंच म्हणाले, "मला हावाबद्दल बोलायचं होतं. मला तीन मुली आहेत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या महिन्यात आन्झिया येझिएर्स्का यांची 'ब्रेड गिव्हर्स' आहे. असं पुन्हा होऊ नये म्हणून बैठक कशी घ्यावी? ज्यांनी असे गट चालवलेत त्यांनी कृपया सांगा.

जुनापिंपळ:

ताई, अकरा वर्षं वाचनगट चालवतोय. तुमच्यासारखीच चूक मीही केली आहे, फक्त पुस्तक वेगळं होतं.

पहिली गोष्ट, माहिती देण्याचं काम तुम्ही उचला. गटातल्या कुणावर ते पडता कामा नये. बैठकीच्या सुरुवातीला पाच मिनिटं घ्या आणि लागेल तेवढंच सांगा. शिवा म्हणजे जवळचं माणूस गेल्यावर पाळायचा सात दिवसांचा शोक. तेव्येच्या गोष्टी यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, लिहिल्या गेल्या. पहिली 1894 सालची आणि पुढची वीसेक वर्षं लेखक अधूनमधून तेव्येकडे परत येत राहिला, म्हणजे लेखकाबरोबर तेव्येही म्हातारा होत गेला. एवढं पुरतं. शब्द ठाऊक असले की लोक माणसाकडे वळत नाहीत, पानाकडे वळतात.

दुसरी गोष्ट, एक पान मोठ्याने वाचून सुरू करा. 'ब्रेड गिव्हर्स'मध्ये वडील दिवसभर धर्मग्रंथ वाचत बसतात, कमावतात बायको आणि मुली. भाडं थकतं तेव्हा आई म्हणते, पुढची खोली भाड्याने देऊ. वडिलांचा प्रश्न: मग माझी पुस्तकं कुठे ठेवू? तेवढाच प्रसंग घ्या आणि विचारा, "या घरात खोली कुणाची?" प्रश्न खोलीबद्दलचा आहे, ज्यूंबद्दलचा नाही. तासभर बोलतील बघा. ही कादंबरी 1925 सालची, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधली. पण बायकोच्या कष्टावर ज्ञानी राहणारा पुरुष ओळखायला कुणाला तळटीप लागत नाही.

आणखी एक सांगतो, जरा विषयांतर आहे. आमच्या गटात आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांची 'गिम्पेल' वाचली होती. यिडिशमध्ये त्याला 'तम' म्हटलंय. इंग्रजीत सॉल बेलो यांनी 1953 साली त्याचा 'फूल' केला, म्हणजे मूर्ख. पण तम म्हणजे भाबडा, सरळ मनाचा असंही. सगळं गाव त्याला फसवतं, बायको फसवते. तो पावाच्या भट्टीत काम करतो. एका रात्री सैतान सांगतो, तू पीठ नासव, गावाला खाऊ दे. तो नासवतो. मग मेलेली बायको स्वप्नात येते आणि तो ते सगळे पाव जमिनीत पुरून टाकतो. आम्ही पाऊण तास फक्त यावर बोललो की हा माणूस मूर्ख की भाबडा. आमच्या गटात तेव्हा ज्यू कुणी नव्हतं, तरी कुणालाही कमी पडलं नाही.

शनवारतेली:

पाटीपेन्सिल, तुमच्या त्या गृहस्थांच्या जागी मी अनेकदा बसलो आहे, म्हणून लिहितो.

मी बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातला ज्यू. घरात मराठीच. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. बायबलमधल्या कथांवर आमच्याकडे मराठीत कीर्तनं झाली आहेत. आणि मला लोक विचारतात, ऑशविट्झच्या छळछावणीत तुमचं कोण होतं? कुणी नव्हतं. श्टेटल, म्हणजे तिकडचं ज्यूंचं छोटं गाव, हा शब्द मी तुमच्यासारखाच पहिल्यांदा पुस्तकात वाचला. तेव्येचं यिडिश मला तुमच्याइतकंच परकं आहे. हावा हाक मारते ते पान वाचताना मात्र माझाही आवाज बसला.

ज्यू साहित्य म्हणजे एक भाषा नाही, एक मुलूख नाही. कुणी यिडिशमध्ये लिहिलं, कुणी हिब्रूत, प्रीमो लेव्हींनी इटालियनमध्ये, आमच्या निसिम इझिकेल यांनी इंग्रजीत. त्यांच्या 'लॅटर-डे साम्स' या कवितासंग्रहाला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. जमलं तर पाचवं पुस्तक एस्थर डेव्हिड यांचं 'द वॉल्ड सिटी' घ्या, 1997 सालचं. अहमदाबादमधल्या बेने इस्रायल घरातली मुलगी ते सांगते. रशियातल्या दूधवाल्यापासून अहमदाबादपर्यंत पोचल्यावर 'तुमच्यात असं करतात का' हा प्रश्न लोक आपोआप विचारेनासे होतील. कारण 'तुमच्यात' म्हणजे नक्की कुणात, हेच सांगता येणार नाही.

मीरा_वाचते:

वरच्या दोघांशी सहमत, पण एक भीती वाटते. आता उलटं टोक नको. त्या गृहस्थांना काहीच विचारायचं नाही असं ठरवलंत तर तेही एकटं पाडणंच झालं. मला वाटतं, सगळ्यांना विचारता तेच त्यांनाही विचारा. "तुम्हाला काय वाटलं?" एवढंच.

छळछावण्यांबद्दल यादीत एकही पुस्तक नाही म्हणून कुणी अडलं, तर प्रीमो लेव्हींच्या पहिल्या पुस्तकातलं एक प्रकरण आणून वाचा, ते स्वतः ऑशविट्झमध्ये होते. ते आणि एक तरुण सोबती छावणीत सूपाचं पातेलं आणायला चाललेत. वाटेत लेव्ही त्याला इटालियन शिकवायला म्हणून दांते या जुन्या इटालियन कवीच्या ओळी म्हणून दाखवतात, मध्येच एक ओळ आठवत नाही. ती आठवावी म्हणून आजचं सूप द्यायला तयार आहे, असं ते लिहितात. तिथे सूप म्हणजे जीव. छावणीतला माणूसही आधी वाचक होता, हे त्या पानावर दिसतं.

पाटीपेन्सिल:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनवारतेली, तुमचा प्रतिसाद मी छापून घेतला आहे, तुमची हरकत नसेल तर गटात वाचेन. 'द वॉल्ड सिटी'ची एक प्रत आमच्या ग्रंथालयात आहे, आणखी मागवता येतील का ते विचारते.

आज धीर करून त्या काकांना फोन केला. माफी मागितली. म्हणाले, "अहो, तुम्ही आठवण ठेवलीत." मग मी विचारलं, तेव्येबद्दल तुम्हाला काय वाटलं? ते वीस मिनिटं बोलले. तेव्ये हे सगळं लेखकालाच सांगत असतो, आणि हावाच्या गोष्टीच्या शेवटी तो त्याला विनवतो की हे छापू नका, छापलंच तर दुसऱ्या कुणाचं म्हणून छापा. काकांच्या मते रानातला चाबूक हा त्याचा राग आहे, आणि ही विनवणी म्हणजे त्याने हावाला पुन्हा घरात घेण्याच्या जवळ जाणं. लाज वाटते म्हणजे अजून ती मुलगी आहे. मी इतके दिवस ते वाक्य नुसतं वाचून पुढे गेले होते.

पुढच्या बैठकीला येणार आहेत. 'ब्रेड गिव्हर्स'मधली दहा वर्षांची सारा रस्त्यावर हेरिंग मासे विकायला उभी राहते आणि घसा फोडून ओरडते, ते पान त्यांना मोठ्याने वाचायचं आहे. सुरुवात त्यांच्यापासूनच करतेय.